काळ्या गाडीवरचे भोवरे

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला बिल्डिंगमधल्या अकरा जणांनी सांगितलं. त्यातल्या सात जणांकडे गाडीच नव्हती, त्यामुळे त्यांचा सल्ला जास्त ठाम होता. काळ्यावर धूळ दिसते, काळी तापते, काळी अंधारात दिसत नाही, आणि काळी घ्यायचीच तर निदान शनिवारी घेऊ नकोस. नवरा काही बोलला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली की कुठे बोलायचं नाही हे माणसाला कळतं. मी काळीच घेतली. शोरूममध्ये तिच्या दारात मला माझा चेहरा दिसला आणि तो घरच्या आरशातल्यापेक्षा बरा दिसला, एवढंच त्यामागचं कारण. विचारणाऱ्यांना मी मायलेज सांगितलं.

आम्ही नाहूरला राहतो. आमच्या आजूबाजूच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, आणि प्रत्येक टॉवर उभा राहण्याआधी धूळ होऊन आमच्या घरी राहून जातो. सकाळी गाडीवर सिमेंटचा असा थर असतो की बोटाने नाव लिहावं. हा थर पुसायचं काम सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. बिल्डिंगमधल्या गाड्या पुसणारा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारायला आला, तेव्हा त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. घरात माणूस असताना बाहेरचा कशाला, असं म्हणाले, आणि त्यानंतर चार वर्षं त्या माणसाने आमच्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

सासरे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनकीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळं केलं, पण त्यातलं एकही काम ते आपलं मानत नाहीत. आम्ही चादर घ्यायला गेलो की दुकानदाराच्या हातातून ती ओढून घ्यायचे, उजेडाकडे तिरकी धरायचे, मान वाकडी करून एक डोळा मिटायचे आणि कुठे धागा सुटलाय तिथे बोट ठेवायचे. दुकानदार दुसरी काढायचा. हल्ली बरेच दिवस त्यांनी कुठल्या चादरीला नाव ठेवलं नव्हतं. मला वाटलं, चादरी सुधारल्या.

गाडी पुसायला त्यांनी ट्रंकेतलं जाड दोसुतीचं कापड काढलं. गिरणीच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याच साच्यावर निघालेला माल, इतकी वर्षं डांबराच्या गोळ्यांत जपलेला. त्याचे हातभर तुकडे केले, घडी घालून ठेवले, आणि रोज सकाळी अर्धी बादली पाणी आणि एक तुकडा घेऊन खाली जायला लागले. पुसायचे गोल गोल, जात्यावर दळल्यासारखं, अंगात होता तेवढा जोर लावून. एकदा ताप होता तर स्वेटर घालून गेले. वर आले की चहाचा कप हातात घेत रोज एकच वाक्य बोलायचे, "झाली आरसो." गिरणी सुटल्यानंतर इतकं आपलं मानलेलं काम त्यांच्या हाताला हे एकच आलं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं, फक्त मी त्याचा फार विचार करत नव्हते.

मग मी एकदा बंपरवरचा एक ओरखडा दाखवायला मालाडला एका ठिकाणी गेले. त्या जागेला गॅरेज म्हटलेलं त्यांना चालत नाही. तो स्टुडिओ आहे. आत गार हवा, मंद संगीत, आणि काळ्या टी-शर्टातला एक तरुण हातात रबरी मोजे घालून उभा. चप्पल बाहेर काढायची का, असं मी विचारणार होते. त्याने बंपरकडे बघितलंच नाही. खिशातून टॉर्च काढला, बॉनेटवर तिरका धरला आणि म्हणाला, "मॅडम, स्वर्ल्स."

मी वाकून बघितलं. स्टीलच्या डब्याचं झाकण तारेच्या घासणीने घासलं की त्यावर जे बारीक गोल गोल चरे उठतात, तसे हजारो चरे माझ्या काळ्या गाडीवर होते. टॉर्च जिकडे नेईल तिकडे ते गोल होऊन उजेडाभोवती फेर धरत होते. चार वर्षं मी ही गाडी चालवत होते आणि मला ते एकदाही दिसले नव्हते.

गाडी कोण पुसतं, असं त्याने विचारलं. सासरे, म्हटलं. त्याने टॉर्च बंद केला आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात मला समजावलं. सिमेंटची धूळ, जाडं कापड, वर जोर आणि गोल हात, म्हणजे रोज सकाळी गाडीला पॉलिश पेपर मारल्यासारखंच. तीन दिवस गाडी ठेवावी लागेल, पेंट करेक्शन करावं लागेल. आणि इथून पुढे अंकलना गाडीला हात लावू देऊ नका. हे ऐकून माझं डोकं फिरलं. सासऱ्यांवर रागवायचा हक्क माझा आहे, आणि तो मी मालाडला कोणाला दिलेला नव्हता. मी गाडी काढून घरी आले.

पण दिसलं ते दिसलं. त्या चऱ्यांना मराठीत काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, मी भोवरे म्हणायला लागले. डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात. त्या हिशेबाने माझ्या बॉनेटची जी काय लग्नं झाली असतील ती असोत. मला आता सगळीकडे भोवरे दिसायला लागले. सिग्नलला पुढच्या गाडीवर, लिफ्टच्या स्टीलच्या दारावर, फ्रीजवर. फक्त आमच्या सेक्रेटरीच्या गाडीवर दिसायचे नाहीत, कारण ती पांढरी. पांढऱ्यावरही असतात तेवढेच, नुसते दिसत नाहीत. आमच्या कमिटीच्या कारभाराबद्दलही माझं तेच मत आहे.

सासऱ्यांना सरळ सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी एक मऊ मायक्रोफायबरचं फडकं आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घासून बघितलं आणि हे कापड नसून ब्लाउजचं अस्तर आहे असा निकाल दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या फडक्याने टीव्ही पुसला जाऊ लागला आणि गाडीवर दोसुतीच राहिली.

मग मी पॉलिशचं मशीन मागवलं. इंटरनेटवर चार गोरे पुरुष आणि एक मूळचा पंजाबी माणूस मला शिकवायला तयार होते. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की हे अगदी सोपं आहे, आणि सगळ्यांच्या मागे स्वच्छ बंद गॅरेज दिसत होतं. माझ्यामागे सोसायटीची पाण्याची टाकी होती. रविवारी सकाळी मी गाडी उन्हात घेतली, कारण उजेड हवा. बॉनेटवर जाड पॉलिश पसरलं, कारण हात आखडता कशाला घ्यायचा. मशीन जोरात फिरवलं. मशीन हातात घेतलेली बाई बघून पंधरा मिनिटांत पाच पुरुष जमले. त्यातला एकही कधी असल्या मशीनला शिवला नव्हता, हे त्यांच्या आत्मविश्वासावरून उघड होतं. एक म्हणाला टूथपेस्ट लावा. एक म्हणाला रॉकेल. सेक्रेटरीने मशीनची वायर सोसायटीच्या प्लगला लावलीय का ते वाकून बघितलं.

तापलेल्या पत्र्यावर पॉलिश जागच्या जागी सुकलं. मी घासलं, ते आणखी चिकटलं. अर्धं बॉनेट पांढरंफटक, रांगोळी फिसकटल्यासारखं. जिथून पॉलिश निघालं तिथले भोवरे खरंच गेले होते, पण त्यांच्या जागी धुकं आलं होतं. आरशावर वाफ बसावी तसा एक पांढुरका पडदा, जो पुसून जात नव्हता, कारण तो रंगावर नव्हता, रंगातच होता. भोवऱ्यांच्या वेळी निदान गाडी काळी तरी होती.

तेवढ्यात सासरे खाली आले. आता सगळ्यांसमोर माझी शोभा होणार हे नक्की होतं, कारण मालवणी माणूस सूनबाईचं चुकलेलं बघून गप्प बसला असं मी तरी पाहिलेलं नाही. ते बॉनेटपाशी आले. त्या पांढऱ्या खपल्यांवरून त्यांनी नजर फिरवली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"झकास झाली हा गो," म्हणाले. "आरसो."

जमलेले पाचही जण हसले. मीही हसले, मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांच्या तोंडावर टोमणा नव्हता. ते मनापासून कौतुक करत होते. माझं हसू तिथेच राहिलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा, समोरच्या गाडीचा नंबर काय हो. त्यांनी झटकन सेक्रेटरीच्या गाडीचा नंबर सांगितला. सेक्रेटरीची गाडी रोज तिथेच असते. त्या दिवशी तिथे दुसऱ्याच कोणाची लाल गाडी उभी होती.

मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आणि तोही चांगला पिकलेला. इतके दिवस कसं चालवलंत, असं त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, चालत होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे. एकाच घरात राहून आम्हा दोघांना हे कळलं नव्हतं. मला गाडीवरचे केसाएवढे चरे टॉर्च लावून मोजता येत होते आणि समोरच्या माणसाला दिसत नाहीये हे दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. सासऱ्यांना दिसायला लागलं. त्यांनी पंख्याच्या पात्यांवरचा काळा थर दाखवला. भिंतीवरची ओल दाखवली. कोळणीने आणलेल्या पापलेटांचे डोळे बघून तिला चार गोष्टी ऐकवल्या, आणि इतकी वर्षं ती आपल्याला काय खायला घालत होती याचा हिशेब मागितला. नवऱ्याला म्हणाले, तू म्हातारो दिसतस रे. माझ्या केसांकडे बराच वेळ बघितलं, तेव्हा मी आत जाऊन केसांना लावायची मेंदी भिजवली.

मेंदी कालवता कालवताच मला गाडी आठवली. डॉक्टरांनी दहा दिवस धूळ, पाणी आणि खाली उतरणं बंद केलं होतं. अकराव्या दिवशी हा माणूस खाली जाणार. चादरीतला एक सुटलेला धागा पकडणारी नजर घेऊन जाणार. आणि चार वर्षं रोज सकाळी आपल्या हाताने, आपण विणलेल्या कापडाने काय करून ठेवलंय ते त्याला दिसणार. मग तो त्या गाडीला परत हात लावणार नाही. कोणाला काही बोलणारही नाही, नुसता सकाळी चहा घेऊन खिडकीत बसेल. गिरणीवरून त्यांना शेवटी घरी पाठवलं ते दुसऱ्यांनी. या कामावरून त्यांना स्वतःच स्वतःला घरी पाठवावं लागणार होतं. ते मला नको होतं. गाडीचं आता मला काही पडलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण पहिल्यांदाच ती दुसऱ्या नंबरावर गेली होती.

दहा दिवस मी ऑफिसला जाण्याआधी दोन तास पार्किंगमध्ये काढले. नवऱ्याला वर सासऱ्यांशी पत्ते खेळायला बसवलं, आणि काहीही झालं तरी हरत राहा असं सांगितलं. तेवढं त्याला जमतं. या वेळी मी गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धरली. आधी भरपूर पाण्याने धूळ सोडवली, पुसली नाही. कडांना, दाराच्या मुठींना, पेट्रोलच्या झाकणाला कागदी टेप लावली. एका वेळी फक्त दोन ताटं मावतील एवढीच जागा घेतली. पॉलिशचे चार थेंब, मशीन हळू, हाताचा भार नाही. फिरणाऱ्या फोमच्या गादीत मळ साचला की ती धुतली. एवढं केल्यावर भोवरे गेले. मागे धुकं राहिलंच.

धुक्याचं गणित मला चौथ्या दिवशी सुटलं. भोवरे काढायचं पॉलिश खरखरीत असतं. ते मोठे चरे कापतं आणि स्वतःचे इतके बारीक सोडतं की ते सुटे दिसत नाहीत, सगळे मिळून धुकं दिसतं. त्यावर परत त्याच पॉलिशने जोर लावण्यात अर्थ नसतो. दुसरं, मऊ पॉलिश लागतं, दुसरी मऊ गादी लागते, आणि मुख्य म्हणजे आपण केलेलं आपल्याला लगेच आवडू द्यायचं नसतं. पॉलिशमधल्या तेलाने पहिल्या दिवशी सगळंच चमकतं. धुऊन, वाळवून, टॉर्च तिरका लावला की खरं काय ते कळतं. मी रोज तसं बघत होते, आणि ज्या दिवशी दारात माझा चेहरा परत दिसला त्या दिवशी रडू आलं. चेहरा या वेळी घरच्या आरशातल्यासारखाच होता.

नवव्या दिवशी ऑफिसात एक मीटिंग भल्या सकाळी लागली आणि डिकीचं झाकण मला घाईत उरकावं लागलं. दहाव्या दिवशी मी सगळ्या टेपा काढल्या आणि गाडी नेहमीच्या जागी उभी केली.

अकराव्या दिवशी सासरे काळा चष्मा लावून खाली उतरले. एका हातात बादली, खांद्यावर दोसुती. मी मागे. त्यांनी बादली ठेवली, चष्मा काढला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मग मान वाकडी केली, डावा डोळा मिटला, आणि चादर बघायचे तसं उजेडाकडे तिरकं बघत बॉनेटवरून, दारांवरून सरकत गेले. बॉनेट गेलं, पुढचं दार गेलं, मागचं दार गेलं. पेट्रोलच्या झाकणापाशी ते थांबले.

झाकणाभोवती चार बोटं रुंदीची टेप होती. टेप मी काढली होती. टेपखालची जागा पॉलिश करायची राहिली आहे, हे मला त्या क्षणी कळलं. सगळी गाडी विहिरीच्या पाण्यासारखी काळी, आणि मधे चार बोटांच्या चौकटीत भोवऱ्यांची दाटी.

त्यांनी वाकून बघितलं. मग उजवा हात त्या जागेवर ठेवला आणि न टेकवता हवेत एकदा गोल फिरवला, दळल्यासारखा. मी बाजूला बघायला लागले.

"ह्ये माझेच ना गो?"

"नाही बाबा. ते गाडी पुसणाऱ्याचे."

"आपल्याकडे तो कधी इलो?"

इतक्या वर्षांत मी ऑफिसात, सोसायटीत, लग्नाकार्यात पोतंभर थापा मारल्या असतील, पण ज्याची गरज होती ती एक धड मारता आली नाही. खांद्यावरची दोसुती त्यांनी काढली, चिमटीत धरून घासली आणि बादलीच्या काठावर ठेवून दिली. मला वाटलं, झालं, आता हे वर जाणार आणि खिडकीत बसणार.

ते वर गेले नाहीत. गाडीच्या मागे गेले, मान परत वाकडी केली, आणि डिकीच्या झाकणावर बोट ठेवलं.

"आणि ह्यां धुरकट? ह्यां कोणाचा?"

"ते माझं," मी म्हटलं. "घाईत राहिलं."

ते माझ्याकडे वळले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं, आणि हसले ते अगदी खुशीत. "म्हंजे दोघांचोय माल परत," म्हणाले. गिरणीत खोट निघालेलं कापड तपासणीतून असंच विणणाऱ्याकडे परत यायचं. मग त्यांनी हात पुढे केला आणि ते ब्लाउजचं अस्तर कुठे आहे असं विचारलं. मी वर पळत जाऊन टीव्हीवरून मायक्रोफायबर आणलं, झटकलं, त्यांच्या हातात दिलं. गोल नाही, सरळ पुसायचं, पुढे मागे, आणि जोर लावायचा नाही, एवढंच मी सांगितलं. मऊ हाताने त्यांनी ते दारावर एकदा नेलं आणि परत आणलं. दुसऱ्यांदा नेताना हात मधेच थांबला.

"जलमभर धोटो सरळ पळवलंय," ते म्हणाले, "आणि हयच कसो हात गोल फिरलो, कोण जाणा."

मागावरचा धोटा कसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातो आणि सरळ परत येतो, ते मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशी दारावर पाहिलं. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची पट्टी मी पॉलिश करायला काढली तर ती राहू दे म्हणाले. ती अजून तशीच आहे, आणि डिकीवरचं धुकंही.